नळच येत नाही, तर बंद काय करू?

(जालना येथे तरुण शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'विद्यार्थ्यांना हवामान बदल कसा शिकवायचा' हा विषय मला दिला आहे. मी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. भाषणापेक्षा फळ्याची सवय जास्त. इथे फळा नाही, म्हणून हिशोब तोंडी करावे लागतील. मोबाइल बंद करा असं मी म्हणणार नाही. उलट त्यातला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

पर्यावरण दिन ५ जूनला येतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळी सुट्टी असते, शाळा उघडते जूनच्या मध्याला. म्हणजे पर्यावरणाचा सगळ्यात मोठा दिवस मुलांशिवाय साजरा होतो. मग ग्रुपवर निरोप येतो, रोप लावतानाचा फोटो पाठवा. खड्डा तोच, रोप तेच, हात तेवढे बदलतात. पाऊस अजून पडलेला नसतो, जमिनीला भेगा असतात आणि ते रोप जगेल अशी कुणाची अपेक्षाही नसते. शाळा उघडली की चित्रकला स्पर्धा. त्यात हिमनगाच्या तुकड्यावर एकटं उभं राहिलेलं पांढरं अस्वल हमखास असतं. मला त्या अस्वलाबद्दल सहानुभूती आहे. पण जालन्याच्या मुलाला हवामान बदल म्हटल्यावर अस्वल आठवतं आणि मामाची वाळलेली मोसंबीची बाग आठवत नाही, तर आपण त्याला काहीच शिकवलेलं नाही.

आठवीच्या वर्गात पाणीबचतीचा धडा चालू होता. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा, गाडी पाइपने धुऊ नका, असं सगळं त्यात होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, नल आताच नै, तो बंद क्या करूँ?" वर्ग हसला. ती मात्र खरंच विचारत होती. तिच्या गल्लीत नळ कितीतरी दिवसांनी येतो. आला की रात्री दोन वाजता उठून अम्मीबरोबर ड्रम भरायचे, हे तिचं काम.

तो धडा ज्याच्या घरी पाणी आहे त्याच्यासाठी लिहिलेला आहे. या मुलीला पाणी वाचवायला शिकवणं म्हणजे रोजेदाराला कमी खा असं सांगण्यासारखं आहे. तिला बचत येते, आपल्यापेक्षा जास्त येते. तिला हवं आहे ते पाण्याचं हिशोबशास्त्र: पाणी येतं कुठून, जातं कुठे, कुणाला किती मिळतं, कोण ठरवतं आणि पुढच्या वीस वर्षांत त्यात काय बदलणार आहे. माझ्या मते जालन्यात हवामान बदल शिकवण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी. चांगल्या सवयींचा तास आणि हवामानाचा तास हे दोन वेगळे तास आहेत.

पहिला हिशोब घेऊ. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी नियोजनाचं प्रमाण आहे. गावासाठी जल जीवन मिशनचं प्रमाण ५५ लिटर. सहा माणसांचं घर धरा. १३५ गुणिले ६, म्हणजे रोज ८१० लिटर. समजा नळ आठव्या दिवशी येतो. ८१० गुणिले ८, म्हणजे ६,४८० लिटर एका वेळी भरून ठेवायला हवं. २०० लिटरचा तो निळा ड्रम आपण सगळ्यांनी पाहिलाय. असे ३२ ड्रम, तरी थोडं पाणी उरतंच. दोन खोल्यांच्या घरात ३२ ड्रम कुठे ठेवणार? म्हणून ते घर पाच ड्रम भरतं. १,००० लिटर, सहा माणसं, आठ दिवस. भागाकार करा. माणशी रोज २१ लिटरसुद्धा पडत नाही. त्याच रस्त्यावर ज्याच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे आणि नळाला मोटार आहे, त्याला तोच नळ, त्याच दिवशी, तेवढाच वेळ येऊन पूर्ण पुरतो. पाणी दोघांनाही 'मिळालं' असं कागदावर लिहिलं जातं.

हे गणित सहावीच्या मुलाला येतं. एकदा केलं की त्याला कळतं की टंचाई म्हणजे फक्त पाऊस कमी पडणं नव्हे. साठवण्याची जागा नसणं हीसुद्धा टंचाई आहे.

आता मुलं पुढचा प्रश्न विचारतात, आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. मराठवाड्यात दुष्काळ काय नवा आहे का? नाही. सह्याद्री पश्चिमेकडचा पाऊस अडवतो आणि आपण त्याच्या पर्जन्यछायेत येतो. जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटर, वाईट वर्षी तो ४०० ते ४५० वर येतो. १९७२चा दुष्काळ आपल्या दादा-दादींनी पाहिला. सुकडीच्या आणि रोजगार हमीवर खडी फोडण्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. तेव्हा हवामान बदलाचं नाव इथे कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला विनंती करतो, प्रत्येक दुष्काळ हवामान बदलाच्या खात्यावर टाकू नका. ते शास्त्राला धरून नाहीच. शिवाय ज्यांनी तलावाचा गाळ काढला नाही, गळकी पाइपलाइन दुरुस्त केली नाही, त्यांना त्यातून आयती सबब मिळते.

मग बदललंय काय? कोळसा, तेल आणि वायू जाळून पृथ्वीचं सरासरी तापमान यंत्रयुगाच्या आधीपेक्षा एक अंशाहून जास्त वाढलं आहे. २०२४ हे दीड अंशाची रेघ ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ढोबळ भाषेत सांगायचं तर आभाळातला घडा मोठा झाला. तो भरायला वेळ लागतो, तोवर उघडीप. मग सांडतो तो एकदम. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यांना आढळलं. एकूण पाऊस वाढला नाही, पण तो पडायची रीत बदलली.

मुलांना सांगा, घरच्या मोठ्यांना विचारून गावाची एक यादी करा. २०१२-१३चा दुष्काळ. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, काढणीला आलेला गहू आणि हरभरा आडवा करणारी. २०१५-१६चा पुन्हा दुष्काळ. २०२५च्या सप्टेंबरमधला पूर, ज्यात मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांमधली मातीच खरवडून गेली. या यादीत पाण्याची कमतरता आणि पाण्याचा अतिरेक एकाआड एक बसलेले दिसतात. आठवीतल्या मुलाला हे दिसलं की पुढचं शास्त्र शिकवायला वेळ लागत नाही.

आणि मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे. २०१२-१३मध्ये जिल्ह्यातल्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो. मोसंबीचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. पंधरा वर्षं फळ देईल असं झाड आठव्या वर्षी गेलं, नवं लावलं, त्याला पुन्हा पाच वर्षं, आणि त्या पाच वर्षांत पुन्हा दुष्काळ आला तर? त्या घरातल्या मुलीचं कॉलेज कुठल्या वर्षी येतं, हे त्या गणितात घाला. मग हवामान बदलाचा आणि शिक्षण सुटण्याचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जिल्ह्यातल्या ज्या गावांतून कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथल्या शिक्षकांना तर हे रोजच्या हजेरीत दिसतं.

हजेरीवरून एक गोष्ट सुचवतो. हजेरीपट हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित पुरावा आहे. कॅलेंडरवर नळ कधी आला, टँकर कधी आला याच्या खुणा करा आणि त्याशेजारी वर्गातल्या गैरहजर मुलामुलींची संख्या लिहा. नावं नकोत, फक्त आकडे. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. एक वर्ष करा. काय निघेल ते मी आधीच सांगत नाही. तसं सांगितलं तर मुलं मोजणार नाहीत, माझं म्हणणं खरं करून दाखवतील.

उष्णतेचा भाग मी आपल्या मुलांना रमजानवरून शिकवतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतो. ३६५ भागिले ११, सुमारे ३३. म्हणजे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. २०१८मध्ये रोजे मे-जूनमध्ये आले होते, मोठ्यांना ती तहान आठवते. मग मुलांना विचारायचं, तसा रमजान पुन्हा कधी येईल? ती बोटं मोजतात आणि २०५०च्या आसपास येऊन थांबतात. आता पुढचा प्रश्न: तेव्हा तुझं वय किती? बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, सर, सदतीस-अडतीस. आंतरराष्ट्रीय अहवालांत २०५० हे साल सतत येतं आणि मुलांना ते चंद्राइतकं लांब वाटतं. इथे मात्र त्याला स्वतःचं वय दिसतं, स्वतःची मुलं दिसतात, जूनच्या दुपारी बांधकामावर किंवा रोलिंग मिलमध्ये उभा असलेला रोजेदार दिसतो. तेव्हाचं तापमान किती असेल हे आज जग किती कोळसा जाळतं यावर बरंचसं अवलंबून आहे, हे वाक्य मग त्याच्या घरचं होतं.

त्याला जोडून एक प्रयोग. पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावर चुन्याचा दाट हात द्या, दुसरा तसाच ठेवा. दोन्हीखाली सारख्या उंचीवर थर्मामीटर टांगा आणि दुपारी बारा, दोन, चारला आकडे लिहा. आपल्या मोहल्ल्यांत पत्र्याखाली राहणारे, पत्र्याखाली शिवणकाम करणारे, पत्र्याखाली अभ्यास करणारे किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी शहराचा स्वतःचा कृती आराखडा केला. २०१०च्या उन्हाळ्यात तिथे फार माणसं गेली होती. पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं कामही झालं. चुना महाग नाही. मुलांचे आकडे घेऊन एखाद्या घरमालकाला पटवणं, हे कुठल्याही पोस्टरपेक्षा मोठं काम आहे.

आता छपराकडे आलोच आहोत तर पावसाचा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एक वाक्य पाठ असलं की बाकी सगळं निघतं. आपल्या शाळेचं छप्पर ५० फूट लांब, २० फूट रुंद धरा. १,००० चौरस फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. ६५० मिलिमीटर पाऊस झाला तर ६०,००० लिटरहून जास्त पाणी त्या छपरावर पडतं. उडणं, गळणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देणं, यात पाचवा हिस्सा गेला असं समजा. ४८,००० लिटर हातात. शंभर मुलं, रोज दोन लिटर प्यायला, शाळेचे २२० दिवस: ४४,००० लिटर. ऐका, शंभर मुलांचं वर्षभराचं पिण्याचं पाणी त्यांच्याच डोक्यावर पडतं आणि गटारात जातं! दुष्काळाच्या ४०० मिलिमीटरच्या वर्षीसुद्धा जवळपास ३०,००० लिटर मिळतं, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर.

इथे मुलं टाळ्या वाजवतात आणि धडा संपतो. माझ्या मते तो इथे सुरू होतो. कारण कुणीतरी हुशार मूल विचारतं, सर, एवढं पाणी ठेवायचं कुठे? ४८,००० लिटरची टाकी म्हणजे मोठा खर्च. मग पर्याय शोधावे लागतात. थोडं साठवायचं, बाकी गाळून बोअरच्या आजूबाजूला जिरवायचं. प्यायचं असेल तर छप्पर स्वच्छ ठेवायला हवं, पाणी तपासायला हवं. आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर? त्याच छपरावरून ९,३०० लिटर एका दिवसात उतरतात. आपली पन्हाळ तेवढी रुंद आहे का? पाऊस पडायची रीत बदलली असं मघाशी म्हटलं, त्याचा अर्थ इथे पन्हाळीच्या रुंदीत मोजता येतो.

मशिदीतही हेच करता येतं. वाहत्या पाण्याच्या काठी बसलात तरी वजूला पाणी जपून वापरा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकतो, पण मोजत नाही. नळाखाली बादली ठेवून एका वजूला किती पाणी गेलं ते मुलांनी मोजावं, मग बधन्याने करून मोजावं. दोन आकडे फळ्यावर लिहावेत. जुम्म्याला किती लोक येतात त्याने गुणावं. वजूचं पाणी फारसं घाण नसतं. ते गटारात सोडण्याऐवजी झाडांना किंवा जमिनीत सोडणं हे एका प्लंबरचं दोन दिवसांचं काम आहे. कमिटीतल्या मोठ्यांकडे मुलं आकडे घेऊन गेली तर ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे. तक्रार घेऊन गेली तर नाही.

जालन्याला या विषयावर शिकायला बाहेर जायची गरज नाही. मोती तलाव घ्या. मलिक अंबरच्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने काळी मशीद, हमाम आणि सराय बांधली, त्यानेच शहरासाठी हा तलाव केला आणि जमिनीखालून नळ टाकून तलावाचं पाणी शहरातल्या हौदांत आणलं. सरायच्या चौकातला हौद त्यातला मुख्य. वीज नाही, मोटार नाही, फक्त उतार. खुद्द मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी केली ती याच विद्येवर. आपली मुलं हे ऐकून खूश होतात, 'आपल्या लोकांनी' केलं म्हणून. होऊ द्या, इतिहासाच्या पुस्तकात त्यांना फार वेळा असं वाटायची संधी मिळत नाही. पण तिथे थांबू नका. तलाव कुणी बांधला या प्रश्नाला एक उत्तर असतं. तो चारशे वर्षांत गाळाने का भरला, सांडपाणी त्यात कुठून येतं, या प्रश्नाला आपण सगळे उत्तर आहोत. मुलांना तलावाभोवती फिरवा आणि येणारा प्रत्येक ओढा, प्रत्येक नाली नकाशावर काढायला लावा.

घाणेवाडीचा तलावही तसाच, निजामाच्या काळातला. शहराने पिढ्यान्‌पिढ्या त्याचं पाणी प्यायलं. मध्ये गाळ साचत गेला. दुष्काळाच्या वर्षांत घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या लोकांनी वर्गणी काढून गाळ उपसायला घेतला, शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन टाकला. यात शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. गाळ म्हणजे वरच्या शेतांतून वाहून आलेली सुपीक माती. तलावात ती अडचण, शेतात खत. आज शहराचं पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडीहून पंपाने येतं. जवळचा तलाव विसरला की पाणी लांबून आणावं लागतं, लांबून आणलं की वीज लागते, आणि आपली वीज अजून बहुतांशी कोळशाची. एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तलावातला गाळ आणि हवेतला कार्बन यांचा संबंध आहे. पुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यांत असतं.

कडवंची इथून फार लांब नाही. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, त्या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आणि चर खोदले. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. २०१२च्या दुष्काळात जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या बागा उभ्या होत्या, म्हणून ते नाव सगळीकडे गेलं. सहल तिथे न्या. मात्र मुलांना दोन प्रश्न बरोबर द्या. डोंगरावरचं पाणी थांबवून जिरवणं ही एक गोष्ट. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरीचं पाणी उपसून ते भरणं ही दुसरी, आणि महाराष्ट्रात अनेक गावांत ती चालते. पहिल्यात सगळ्यांच्या विहिरीला पाणी येतं. दुसऱ्यात जमिनीखालचं सामाईक पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि उन्हाने उडतंही. बाहेरून दोन्ही तळी सारखीच दिसतात. हा फरक ओळखणारा दहावीचा विद्यार्थी मला पाहिजे. द्राक्षं खाऊन सेल्फी काढणारा तर कुठेही मिळतो.

आता एक गोष्ट खास आपल्या वस्त्यांबद्दल. भंगाराचा धंदा आपल्यातल्या कितीतरी घरांचा आहे. हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा, गोदामात लोखंड-पत्रा वेगळा करणारा. त्यांची मुलं शाळेत बापाचा धंदा सांगायला लाजतात, कारण बाकीची चिडवतात. आणि जालना ओळखलं जातं ते स्टीलसाठी, सळ्यांसाठी. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून नवी सळई होते. खाणीतलं खनिज आणि कोळसा वापरून केलेल्या पोलादाशी तुलना करा. एक टन भंगार वापरलं की सुमारे १.४ टन लोहखनिज वाचतं आणि दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशोब आहे. म्हणजे त्या हातगाडीवर जे चाललंय ते हवामानाचं कामच आहे, फक्त त्याला पुरस्कार मिळत नाही. एखाद्या भंगारवाल्या चाचांना वर्गात बोलवा. तांबं कसं ओळखतात, कुठली वस्तू कुणीच घेत नाही, बॅटरी हाताळताना काय जपावं, हे ते सांगतील. त्या दिवशी त्यांचं मूल खाली मान घालून बसणार नाही. याची दुसरी बाजूही वर्गात यायला हवी: भट्टीजवळचा धूर, आवाज, उष्णता, अपघात हे सोसणारेही आपल्याच वस्त्यांतले आहेत. हिरवं काम आहे म्हणून हेल्मेट, हातमोजे आणि पगाराचा प्रश्न संपत नाही.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात सांगतो. पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर अनिवार्य करा असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या प्रकरणात १९९१मध्ये सांगितलं. आपल्या राज्यात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, कल्पना चांगली आहे. पण तो श्रेणीचा विषय, म्हणून वर्षाच्या शेवटी एकाची वही सगळ्यांनी उतरवायची. शिक्षकांनाही दोष देत नाही, त्यांच्यामागे शंभर कामं आहेत. तरी मी म्हणेन की त्या विषयाच्या तासांत मी आता सांगितलेलं सगळं बसतं. वेगळी परवानगी लागत नाही, वेगळा निधी लागत नाही.

मोजून झालं की पुढे काय? इथे आपण कचरतो. शाळा म्हणते, मुलांना राजकारणात आणू नका. ठीक. पण आपल्या वॉर्डातला नळ किती दिवसांनी येतो याची नोंद नगरसेवकासमोर ठेवणं हे राजकारण असेल, तर नागरिकशास्त्राचं पुस्तकही राजकारणच म्हणावं लागेल. संविधानाच्या कलम ५१अ मध्ये पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे, वैज्ञानिक दृष्टिकोनही त्याच यादीत आहे. २०२४च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह यांच्या प्रकरणात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून येतो. माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्यावरून सुरू झालेला खटला होता तो, आणि निघालं हे. मुलांना दोन्ही शिकवा, कर्तव्यही आणि हक्कही. आजवर आपण त्यांना फक्त कर्तव्य शिकवलं. नळ बंद करा हे कर्तव्य. नळ आलाच पाहिजे, सगळ्यांना सारखा आला पाहिजे, हा हक्क.

आपल्या समाजातले तरुण महानगरपालिकेत जातात तेव्हा बहुतेक वेळा कब्रस्तानाची भिंत, दाखला किंवा नावातली चूक यासाठी जातात. ही कामं गरजेची आहेत. पण तुम्ही सहा महिन्यांची पाण्याची नोंद घेऊन गेलात, त्यात आपली गल्ली आहे, शेजारची भीमनगर-माळीवाड्यासारखी वस्तीही आहे, आणि बरोबर त्या वस्तीतली दोन मुलं आहेत, तर टेबलापलीकडचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तुम्ही त्याच्यासमोर एका समाजाचे म्हणून बसलेले नसता, शहराचे म्हणून बसलेले असता.

कामाचं बोलतो आणि थांबतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने आपल्या शाळेत किंवा छतावर एक पर्जन्यमापक ठेवावा. विकत घ्यायची गरज नाही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून तोच उलटा नाळक्यासारखा बसवा, तळाशी खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरा, बाजूला पट्टी चिकटवा. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही साडेआठलाच मोजायचा, म्हणजे तुलना करता येते. पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहायचं. नेमकी तीच नोंद मुलं सोडतात. वहीत चार रकाने: तारीख, पाऊस, नळ किंवा टँकर आला का, दुपारी दोनचं तापमान. दिवाळीच्या सुट्टीत वही कोण घरी नेणार हे आधीच ठरवून ठेवा, बहुतेक वह्या तिथेच बंद पडतात.

भोकरदन, अंबड, परतूर, मंठा इथून आलेल्यांनी जाण्यापूर्वी मला भेटा. आठही तालुक्यांतून एकेक वही निघाली तर पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, आपण त्या शेजारी शेजारी ठेवून वाचू. आता प्रश्न विचारा. मागच्या बाकांवरून सुरुवात करू या.